राजापूरची वजरी आणि ग्रीकांचं बंदर

आमच्या घरात आजवर एकच चोर निघाला, तो म्हणजे मी. आणि चोरी केली ती चोरीचा माल गुपचूप परत ठेवायला जाऊन.

क्रमाने सांगते. (मला क्रमानेच सांगता येतं. माझा नवरा सुधीर म्हणतो, ही भांडायला बसली तरी आधी मुद्दे वाटते.) आम्ही मस्कतला अल मवालेहमध्ये राहतो. मी एका कंपनीच्या ऑफिसात ॲडमिन बघते. कोणाचा व्हिसा कधी संपतो, कोणत्या गाडीचा विमा कधी भरायचा, पॅन्ट्रीतली साखर कोणाच्या घरी जाते, हे सगळं मला पाठ असतं. घरीही तेच. फ्रिजवर याद्या, कपाटाच्या दाराला आतून याद्या, आणि कुठली यादी कुठे लावली आहे त्याची एक वेगळी यादी.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई राजापूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना या याद्यांचं कौतुक होतं आणि थोडी धास्तीही.

"अगो मंजू, माझं नाव कुठल्या यादीत आहे?" आल्या दिवशीच त्यांनी विचारून घेतलं.

तीन याद्यांत होतं. औषधं, पथ्य आणि परतीचं विमान.

आमची मुलगी ईरा तेव्हा सातवीत होती. तिच्या खोलीत एक मोजा टेबलावर आणि दुसरा पंख्यावर असायचा. ते बघून आई (म्हणजे माझ्या सासूबाई) मान हलवायच्या. "पोरीने तुझा एकही गुण उचलला नाही हो."

तर या ईराला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: प्राचीन ग्रीक व्यापारी आणि त्यांची बंदरं. फोटो स्वतः काढलेले हवेत.

"मम्मा, ग्रीसला जाऊ या ना. सगळे फ्रेंड्स इंटरनेटवरून फोटो घेणार. माझे रिअल असतील."

सुधीरने तिकिटं बघितली आणि लॅपटॉप हळूच मिटला. मी मात्र तो प्रश्न एका संध्याकाळीत सोडवला. सलालाहजवळ समहरम नावाचं प्राचीन बंदर आहे, उत्खनन झालेलं. तिथे धूप भरून न्यायला त्या काळी ग्रीकांची जहाजं यायची. शेजारी छोटं संग्रहालयही आहे. ग्रीक लोक एवढे कष्ट घेऊन जर ओमानला येऊन गेले असतील, तर आपण पुन्हा त्यांच्याकडे जायचं कारण काय?

ईदच्या सुट्टीत आम्ही गाडीने निघालो. मस्कत ते सलालाह म्हणजे दिवसभराची वाळू. आई पुढच्या सीटवर. दर तासाने विचारायच्या, "सुधीर, अजून वाळूच रे?" आणि सुधीर नव्याने सांगत असल्यासारखा म्हणायचा, "हो आई." शेवटी घाट आला, धुकं आलं, भुरभुर पाऊस आला, डोंगर हिरवेगार झाले. रस्त्याच्या कडेला नारळ, केळी आणि पपयांची दुकानं लागली. आईंनी काच खाली केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं पेट्रोल जाळून तुम्ही मला कोकणातच आणलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समहरम. समुद्राची एक खाडी आत शिरलेली, तिच्यात पाय भिजवत उभे असलेले उंट, आणि वर टेकाडावर दगडी भिंती, दरवाजा, कोठारांच्या चौकोनी खोल्या. जमिनीवर जिकडेतिकडे खापरांचे तुकडे. दाराशीच फलक होता. ईराने मोठ्याने वाचला.

"आजी, इथून काही उचलायचं नाही. फाइन होईल."

"कोण उचलतंय मेले दगड? आमच्याकडे काय दगडांना तोटा आहे?"

(हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. माझी संपूर्ण फजिती तिथेच टळली असती.)

मी ठरल्याप्रमाणे पुढे. आधी दरवाजा, मग कोठारं, मग समुद्राकडची बाजू, मग संग्रहालय. ईरा फोटो काढत होती. "मम्मा, ग्रीक लोकांचं एक पण ग्रीक पिलर नाही इथे." तिला समजावत मी मागे वळून बघितलं तर आई एका कोठाराच्या भिंतीपाशी वाकल्या होत्या. काहीतरी उचललं, पदराला पुसलं, पिशवीत टाकलं आणि काहीच न झाल्यासारख्या चालू लागल्या.

मी मनात म्हटलं, शंख असेल. फूल असेल. मन निवांत ठेवायचं.

आईंची ती पिशवी म्हणजे एक संस्थान होतं. खाकी कापडाची, दोन खिशांची. तिच्यात सुंठीच्या वड्या, सेफ्टी पिना, एक कात्री (विमानतळावर यावरून एक वेगळं प्रकरण झालं होतं), नारळाचं तेल, जपाची माळ आणि निरनिराळ्या गाठोड्यांत बांधलेल्या निरनिराळ्या वस्तू.

संग्रहालयात गार हवा होती. काचेच्या कपाटांत जहाजाचे नांगर, नाणी, धूप जाळायच्या कुंड्या आणि खापरंच खापरं. हे खापर भूमध्य समुद्राकडच्या तेलाच्या रांजणाचं, हे भारतातून आलेल्या भांड्याचं. तेवढ्यात ईराला शिंकांचा झटका आला. एकामागून एक. टिश्यू संपलेले. आई बाकावर बसून पाय चोळत होत्या. "पिशवीत रुमाल आहे बघ," म्हणाल्या. मी हात घातला, रुमालाचं एक गाठोडं लागलं, सोडलं.

आत खापर. लाल मातीचं, तळहाताएवढं, थोडं बाक असलेलं, एका अंगाला खरबरीत आणि वर मातीचं पुटही. मी कपाटाकडे बघितलं. खालच्या रांगेत, डावीकडून तिसरं. सख्खं भावंड.

मी ईराच्या नाकाला माझी ओढणी दिली आणि सुधीरला नांगरांच्या मागे ओढलं.

"आईंनी खापर उचललंय."

"कसलं खापर?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचं!"

सुधीरने आधी पिशवीकडे, मग आईंकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे बघितलं. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, गळ्यात शिट्टी.

"तिला विचारू या?"

"काय विचारणार? आई, तुम्ही ओमान सरकारची चोरी केलीत का?"

"नको. घाबरेल. ब्लडप्रेशर आहे."

"आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान आहे. विमानतळावर बॅग तपासतात. तुझा व्हिसा, माझा व्हिसा..."

"मग?"

"मग काय. जिथलं तिथे ठेवून यायचं. त्यांना कळणारसुद्धा नाही."

हा माझा स्वभाव. विचारत बसण्यापेक्षा काम उरकून टाकलेलं बरं. ऑफिसात याच गुणावर मला दोनदा बढती मिळाली आहे.

मी ईराकडून ओढणी परत घेऊन खापर तिच्यात गुंडाळलं, रुमालाची नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि गॉगल विसरल्याचं सांगून पुन्हा भिंतींकडे गेले. (गॉगल डोक्यावर होता. कोणी विचारलं नाही.) सुधीरने पहारेकऱ्याला गाठलं आणि ग्रीकांची जहाजं किती मोठी असत, असं हिंदीत विचारलं. पहारेकरी भला माणूस. तो हात पसरून जहाज दाखवू लागला. तेवढ्यात मी त्या कोठाराशी गेले, बुटाची लेस बांधायला वाकले (माझ्या बुटांना लेस नव्हती) आणि खापर जमिनीवर ठेवलं.

पण ते उपरं दिसत होतं. अगदी आत्ता ठेवल्यासारखं. मला ते बघवेना. मी ते थोडं दाबलं, तिरकं केलं, वर चिमूटभर माती भुरभुरवली, शेजारी दोन खडे सरकवले. शेवटी असं झकास जमलं की मला स्वतःला ते ओळखू येईना. मी हात झटकले. इतिहासाची हानी टळली. आईंचं नाव वाचलं. दुपारच्या जेवणाला उशीरसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत सुधीर चहा करत होता. आई न्हाणीघरातून बाहेर आल्या, पिशवी पलंगावर पालथी केली आणि गाठोडी एकेक करून बाजूला काढू लागल्या.

"मंजू, माझी वजरी बघितलीस का गो?"

"कसली वजरी?"

"अगो, टाचा घासायची. खापराची. रुमालात बांधून ठेवत्ये मी."

सुधीरचा चमचा कपात फिरत होता, तो थांबला.

"या रुमालात होती," आईंनी रुमाल वर धरला. "आणि ही अशी चौकोनी घडी मी घालत नाही. चार कोपरे एकावर एक. या घरात अशी घडी कोण घालतं?"

ईराने पुस्तकातून मान वर केली आणि उत्साहाने हात वर केला. "मम्मा."

मग मला सांगावं लागलं. पहिल्यापासून, क्रमाने. आई ऐकत होत्या.

"म्हणजे मी तिथे वाकून चोरी केली, असं वाटलं तुला?"

"तुम्ही काहीतरी उचलून पिशवीत टाकलंत ना आई..."

त्यांनी पिशवीच्या खिशात हात घातला आणि चॉकलेटचा एक चुरगळलेला कागद माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या मुलीने टाकला होता. म्हटलं, लोकांच्या जागेत कचरा कशाला."

आमच्याकडे जुनी मंडळी रागावली की बोलतात. आई बोलल्या नाहीत. खिडकीशी जाऊन बसल्या. सुधीरने चहा पुढे केला, तो तसाच राहिला. बऱ्याच वेळाने त्या ईराला सांगू लागल्या, आम्हाला नव्हे.

"माझ्या माहेरी परसात एक रांजण होता. एवढा. आम्ही दोघी बहिणी, मी आणि कुसुमताई, त्यातलं पाणी घेऊन पाय धुवायचो. माझं लग्न ठरलं त्या साली तो फुटला. आई चिडली, पण आम्ही दोघींनी एकेक तुकडा ठेवून घेतला. कुसुमताई वारली, तिचा तुकडा तिच्याबरोबर गेला. माझा राहिला होता."

ईराला सगळे शब्द कळले नसावेत. पण ती उठली आणि आजीला चिकटून बसली. "आपण उद्या आणू परत," ती म्हणाली. "मम्माला माहीत आहे कुठे ठेवलाय. मम्माला सगळं माहीत असतं."

मम्माला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम किनाऱ्यावरच्या खडकांतून उसळणारी समुद्राची कारंजी हा होता. तो मी स्वतःच्या हाताने खोडला. सकाळी दार उघडताच आम्ही समहरमला हजर. धुकं इतकं की भिंती हात लावल्यावर कळत होत्या. आणि कोठारं! सगळी एकसारखी. काल मी कुठल्या भिंतीशी वाकले होते? या की त्या? प्रत्येक कोपऱ्यात लाल खापरं, प्रत्येकावर चिमूटभर माती, प्रत्येकाशेजारी दोन खडे. मी इतकं नैसर्गिक काम केलं होतं की आता दोन हजार वर्षांचा पसारा आणि माझं एक खापर यांत फरक सापडेना. घरात मिरच्यांच्या डब्यालासुद्धा लेबल लावणारी बाई मी. एवढी एकच जागा लिहून ठेवली नव्हती.

"मंजू, डावीकडे होतीस तू," सुधीर म्हणाला.

"तू तर जहाजं बघत होतास."

"तुझ्यासाठीच बघत होतो."

आई आमच्या भांडणाला वळसा घालून पुढे गेल्या. तिसऱ्या कोठाराच्या उंबऱ्याशी थांबल्या, एका पायातली चप्पल काढली आणि मातीवरून अनवाणी पाऊल हळू फिरवलं. दोनदा. मग वाकल्या, एक तुकडा उचलला, अंगठ्याने चोळला आणि त्यांचा चेहरा कालपासून पहिल्यांदा सैल झाला.

"हीच."

त्याच क्षणी शिट्टी वाजली.

धुक्यातून पांढरा दिशदाशा प्रकट झाला. कालचाच पहारेकरी. "अम्मा, ये नहीं उठाने का. ममनू. मना है."

"भाऊ, ये मेरा है," आई म्हणाल्या. त्यांचं हिंदी म्हणजे मोठ्या आवाजातलं मराठी. "मेरा. राजापूर का."

"अम्मा, इधर सब सरकार का है."

"ये नहीं है. इसने रक्खा," आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं. काल हिचाच नवरा जहाजांबद्दल फार विचारत होता, हे त्याला आठवत असलेलं मला स्पष्ट दिसलं. "यल्ला, ऑफिस चलो."

संग्रहालयाच्या ऑफिसात एक तरुण ओमानी बाई होत्या. काळा अबाया, पायात मातीने भरलेले बूट, डोळ्यांत कुतूहल. त्यांनी खापर दिव्याखाली धरलं. उलटं केलं. भिंगातून कड बघितली. मग इंग्रजीत बोलू लागल्या आणि बोलता बोलता खुर्चीच्या टोकावर आल्या. ईरा आजीला भाषांतर करून देत होती.

"आजी, ती म्हणते, हा पीस इंडियाचा असेल. वेस्ट कोस्टचा. अशी माती तिने बघितली आहे. तिला खूप आवडला. आणि ती म्हणते, हा खूप... खूप म्हातारा असू शकतो."

"म्हणजे किती?"

"टू थाउजंड इयर्स."

आईंनी पदर खोचला. "तिला सांग, माझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, आणि रांजण त्याच साली फुटला. मी काय दोन हजार वर्षांची दिसत्ये?"

ईराने हे नेमकं कसं सांगितलं कोण जाणे, पण त्या बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, तपासणी झाल्याशिवाय आम्हाला हे देता येणार नाही, ठेवून घ्यावं लागेल. तपासणीला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. इन्शाल्ला लवकर. आईंचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे ना पावती होती, ना फोटो, ना कुठला कागद. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुराव्याशिवाय एका ऑफिसात उभी होते.

आईंनी खुर्ची ओढली. बसल्या. उजव्या पायातली चप्पल काढली. खापर मागितलं, आणि बाईंनी काय वाटून कोण जाणे, दिलं. आईंनी ते टाचेला लावलं. खरबरीत अंगाला मधोमध जो खोलगट भाग होता, त्यात टाच अशी बसली जशी झाकणात बरणी. मग त्यांनी घासून दाखवलं. खर्र, खर्र. पन्नास वर्षांचा हात होता तो.

"आता वास घ्या," त्या म्हणाल्या आणि खापर टेबलावरून पुढे सरकवलं.

बाईंनी खापर नाकाशी नेलं. पहारेकऱ्यानेही वाकून वास घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"साबुन," पहारेकरी म्हणाला. "संदल."

ग्रीक खलाशी चंदनाचा साबण वापरत नसावेत, यावर त्या खोलीत एकमत झालं. बाई हसायला लागल्या आणि बराच वेळ थांबेनात. पहारेकरी मात्र अजून हिशेब जुळवत होता.

"मतलब मैडम ने घर का मटका लाके इधर गाड़ दिया?"

"हाँ," मी म्हटलं.

"क्यों?"

सुधीर छताकडे बघू लागला.

बाईंनी डोळे पुसले आणि मला शांतपणे म्हणाल्या, "इथलं काही नेऊ नका, असा फलक आम्ही लावला आहे. घरचं आणून पुरू नका, असा लावायची आजवर गरज पडली नव्हती." मग त्यांनी आईंची परवानगी घेऊन टाचेचा आणि वजरीचा एक फोटो काढला. ईराच्या प्रोजेक्टमध्येही तो गेला. खाली तिने लिहिलं होतं, 'माझी आजी ग्रीक नाही.' तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

परतीच्या वाटेवर वाळू सुरू झाली तेव्हा मी पुढच्या सीटकडे वाकून म्हटलं, "आई, चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण पुरलीस मात्र झकास हो. मला पाय लावून शोधावी लागली."

विमानतळावर निघताना कोणाच्या नकळत त्यांनी ते रुमालाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मी नको म्हटलं. म्हणाल्या, "ठेव. तुझ्या टाचा बघ, मस्कतची वाळू झाल्ये. आणि मला आता वाकवत नाही."

आता त्या प्रवास करत नाहीत. फोनवर पहिला प्रश्न असतो, "घासतेस ना?" मी घासते. रोज संध्याकाळी, न्हाणीघराचं दार लावून, खर्र, खर्र, आणि त्यांच्या टाचेच्या खोलगट जागेत माझी टाच अजून नीट बसत नाही. झाल्यावर पुसून, रुमालात बांधून, कपाटात खालच्या कप्प्यात ठेवते. कुठल्याही यादीत तिची नोंद नाही.

गेल्या शुक्रवारी ईरा सुट्टीला घरी आली होती. ती आता पुण्याला कॉलेजात असते, इतिहास शिकते. सोबत तिने आपल्या कोर्सच्या गप्पा आणि दोन बॅगा न धुतलेले कपडे आणले होते. दुपारी मी पडले होते, तेव्हा ती माझ्या कपाटात काहीतरी शोधत होती. मग बाल्कनीतून तिचा दबका आवाज आला. बाजारात गेलेल्या सुधीरशी फोनवर बोलत होती.

"बाबा, मम्माकडे एक जुनं खापर आहे. रुमालात लपवलंय. आजीची वजरी तर आजी घेऊन गेली. मला वाटतं मम्माने तेव्हा समहरमवरून खरंच एक आणलं होतं... नाही, तिला काही विचारू नका, उगाच टेन्शन घेईल. मी करते ना. पुढच्या आठवड्यात फ्रेंड्सबरोबर सलालाहला जाणारच आहे, गुपचूप ठेवून येते."

मी उठून कपाट उघडलं. खापर जागेवर नव्हतं. रुमाल होता. चार कोपरे एकावर एक, चौकोनी घडी.

मी लगेच राजापूरला फोन लावला. म्हटलं, आई, एक गुण उचलला हो पोरीने.